जीवदानीवरून समुद्र दिसत नव्हता तेव्हा

विरारच्या जीवदानीच्या डोंगरावर उभे राहा, पश्चिमेकडे तोंड करा आणि 20,000 वर्षे मागे चला. समुद्र दिसत नाही. त्याची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली आहे. अर्नाळा बेट नाही, माळावरचा उंचवटा आहे. पाय न भिजवता तुम्ही तिथे जाऊ शकता. वैतरणा आणि उल्हास त्याही पलीकडे वाहत गेल्या आहेत.

मग हिमयुग ओसरते आणि पाणी चढू लागते. आजोबांच्या मुक्कामाची जागा नातवाला सापडत नाही. खैराच्या रानात भरतीचे पाणी शिरते, झाडे उभ्या उभ्या मरतात, वर गाळ बसतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईत प्रिन्सेस डॉक खणताना असेच बुडालेले खैराचे रान सापडले होते.

सहा-सात हजार वर्षांपूर्वी पाणी आजच्या पातळीजवळ येते. नद्यांच्या मुखांत समुद्र घुसून खाड्या झाल्या आहेत, म्हणून इथे गोदावरीसारखा त्रिभुज प्रदेश नाही. गाळ खाडीतच बसतो, त्याची खाजणे होतात. लाटा किनाऱ्याला वाळूचे बांध घालतात. अशाच एका बांधावर तुम्ही बसला आहात. शेजारची बाई गारगोटीवर नेमका घाव घालते. नखाएवढे पाते सुटते. ते ती काठीच्या खाचेत डिंकाने बसवते. ओहोटी लागली की सगळे कालवे काढायला चिखलात उतरतील. अशी सूक्ष्मास्त्रे मुंबईच्या किनाऱ्यावर मिळाली आहेत. किनारा एकच, म्हणून त्या बाईला मी वसईच्या वाळूवर आणले.

आता अशोकाच्या काळात या. सोपारा (आजचे नालासोपारा) खाडीवरचे गजबजलेले बंदर आहे. तिथल्या बुरुड राजाच्या कोटातला स्तूप पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये उकरला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यातच मिळाला आणि नवव्याचा 1956 मध्ये वसईजवळच्या भुईगावला. ज्या खाडीने बंदर वाढवले, ती पुढे गाळाने भरली आणि जहाजे दुसरीकडे गेली.

पाणी सरकले की माणसे सरकत, आणि वस्तीला उंच वाळू निवडत. आपण मात्र खाजणांवर भराव टाकून इमारती बांधल्या. 2018 च्या जुलैत नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले आणि वसईच्या मिठागरांत शेकडो माणसे अडकली. उरलेली खाजणे आणि खाडीची तोंडे तरी मोकळी ठेवा. भरतीच्या पाण्याला ती जागा लागतेच.