थाऊचा मागोवा

कांद्याच्या हंगामात लासलगावच्या बाजार समितीकडे निघालेला ट्रॅक्टर निळा धूर सोडू लागला, की शेतकऱ्याचा प्रश्न एकच असतो: रिंगा बदलून भागेल, की बोअर करावं लागेल? ते मोजल्याशिवाय कळत नाही. आणि कशाने मोजायचं, काट्याच्या गेजने की डिजिटलने, यावर गॅरेजमध्ये नव्या-जुन्यांचं एकमत होत नाही.

जॉन विल्किन्सनने 1775 च्या सुमारास जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनासाठी सिलिंडर बोअर केले, तेव्हा त्यातला फरक नाण्याच्या जाडीने सांगितला जाई आणि तेवढ्याचंही कौतुक होई. सरकपट्टीवर बारीक वाचन कसं करायचं हे पिएर व्हर्नियेने 1631 मध्येच दाखवलं होतं. स्क्रू फिरवून मोजायचं हातातलं हत्यार मात्र पॅरिसच्या पामेरचं, 1848 च्या पेटंटचं. 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात ते ब्राउन आणि शार्प या अमेरिकी कारखानदारांच्या नजरेत भरलं. इंची मायक्रोमीटरच्या स्क्रूला इंचाला 40 आटे आणि फिरत्या नळीवर 25 खुणा असतात. एक खूण म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आपल्या टर्नरांचा थाऊ. भारतात 1958 पासून मेट्रिक मापं लागू होत गेली, पण थाऊ टिकला. पिस्टनच्या खोक्यावर 0.50 मिमी छापलेलं असतं, तोंडात मात्र वीस थाऊच.

डिजिटल कॅलिपर 1980 च्या दशकात पसरले. बटण दाबलं की इंचाचं मिलिमीटर होतं, ही मोठीच सोय. पण पडद्यावर 0.01 दिसतं म्हणून माप तितकं खरं नसतं. साध्या कॅलिपरमध्ये दोन-तीन शतांश मिलिमीटर इकडेतिकडे होतात. शिवाय त्याचे जबडे लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीच्या, तोंडाशीच पोचतात. झीज असते वरची रिंग जिथून परत फिरते तिथे, काठाच्या थोडी खाली. तिथे काट्याचं, म्हणजे डायल बोअर गेजच हवं. ते हलकेच झुलवलं की काटा एका टोकाला जाऊन उलटा फिरतो. तो उलटतो तिथलं माप खरं. पळत्या आकड्यांत ही जागा हातून निसटते. किमान माप धरून ठेवणारी डिजिटल गेजं आहेत, पण महाग.

म्हणून पैसे आधी चांगल्या मायक्रोमीटरवर आणि काट्याच्या बोअर गेजवर घालावेत. डिजिटल कॅलिपर वॉशर, बोल्ट, सीलसाठी ठेवावा. आणि ट्रॅक्टरमालकांनो, बोअरला होकार देण्याआधी मिस्त्रींना लायनर वर, मध्ये, खाली, आडवा-उभा मोजून दाखवायला सांगा.