पंचेचाळिसातला एक

फुटबॉल मी मोहल्ल्याच्या मैदानात खेळलो, तोही बेताचाच. पुढे कविता लागली आणि खेळ फक्त बघण्यापुरता उरला. आज पन्नाशी उलटली, तरी कॉर्नर मिळाला की मी खुर्चीतून उठतोच.

ही सवय लागली जुलै १९९८ मध्ये. विश्वचषकाचा अंतिम सामना पॅरिसजवळ होता, आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली. शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर आम्ही दहा-बारा जण. फ्रान्सला कॉर्नर मिळाला, झिदानने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. मध्यंतराआधी पुन्हा कॉर्नर, पुन्हा झिदानचे डोके. आणि समोर कोण, तर ब्राझील! पुढच्याच वर्षी, २६ मे १९९९ रोजी, बार्सिलोनात मँचेस्टर युनायटेड नव्वद मिनिटे संपली तरी बायर्न म्युनिकच्या एका गोलने मागे होते. वाढीव वेळात बेकहॅमच्या दोन कॉर्नरवर दोन गोल झाले आणि चषक युनायटेडचा झाला. कॉर्नर म्हणजे अर्धा गोल, असे मी तेव्हापासून धरून चाललो.

इंग्लंडमधल्या शेफील्डच्या क्लबांनी १८६८ मध्ये कॉर्नर आपल्या नियमांत घेतला, फुटबॉल असोसिएशनने १८७२ मध्ये. पण कोपऱ्यातून मारलेला चेंडू थेट जाळ्यात गेला तर तो गोल १९२४ पर्यंत धरत नसत. त्या वर्षी नियम बदलला आणि २ ऑक्टोबरला ब्यूनोस आयर्समध्ये अर्जेंटिनाच्या ओन्झारीने उरुग्वेवर नेमका तसाच गोल केला. उरुग्वे तेव्हा ऑलिंपिक विजेता होता, म्हणून अशा गोलाला ‘ऑलिंपिक गोल’ म्हणू लागले. हरलेल्याच्या किताबावरून जिंकलेल्याच्या गोलाचे बारसे! हा खवचटपणा मला फार आवडतो.

माझ्या समजुतीला धक्का दिला तो २०१३ च्या ‘द नंबर्स गेम’ या पुस्तकाने. अँडरसन आणि सॅली या लेखकांनी इंग्लिश प्रीमियर लीगमधले कॉर्नर मोजले. साधारण पंचेचाळीस कॉर्नरमागे एक गोल. म्हणजे एका संघाला दहा सामन्यांत एकदा. कारण उघड आहे. गोलपुढे माणसांची दाटी, गोलरक्षकाला हात वापरायची मुभा, आणि चेंडू हिसकावला गेला तर आपलेच उंच बचावपटू पुढे अडकलेले. झिदान मला आठवत होता; बाहेर फेकले गेलेले चव्वेचाळीस चेंडू कोण लक्षात ठेवणार? खरे सांगायचे तर मी थोडा रुसलोच.

पण आकडे वाचून सगळेच रुसले नाहीत, काही जण कामाला लागले. आर्सेनलने २०२१ मध्ये निकोलस जोव्हर नावाचा फ्रेंच प्रशिक्षक आणला, तो खास असल्या किकसाठीच. चेंडू वळून गोलाकडेच यावा, एकाने गोलरक्षकाच्या वाटेत उभे राहावे, बाकीच्यांनी मागून धावत यावे, अशी घोटून घेतलेली आखणी. २०२३-२४ च्या लीगमध्ये ३८ सामन्यांत आर्सेनलने कॉर्नरवर १६ गोल केले. दहा सामन्यांत एक कुठे आणि हे कुठे!

माझा मुलगा आकडेवारीवाला. मी उठलो की म्हणायचा, “अब्बा, बसा. होत नसतो गोल.” हल्ली आर्सेनलला कॉर्नर मिळाला की तोच माझ्या आधी उठतो.