रक्तातला आकडा आणि कलकत्त्यातील दोन उद्घाटने

जानेवारी १९५० मध्ये इरेन जोलिओ-क्युरी कलकत्त्यात होत्या. २ तारखेला त्यांनी चित्तरंजन कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन केले आणि ११ तारखेला मेघनाद साहांच्या अणुभौतिकी संस्थेचे. ही दोन उद्घाटने आपण वेगवेगळ्या प्रकरणांत वाचतो. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर 'मार्कर'ची रक्ततपासणी कुठून आली हे पाहायचे असेल, तर ती एकत्र वाचावीत.

इरेन आणि त्यांचे पती फ्रेडरिक यांनी १९३४ मध्ये कृत्रिम किरणोत्सार शोधला होता. पुढे अमेरिकेत बेर्सन आणि रोझलिन यॅलो यांनी किरणोत्सारी आयोडीनची खूण लावून रक्तातील इन्शुलिन मोजले. त्यांचा सविस्तर लेख १९६० चा. याच 'रेडिओइम्युनोअ‍ॅसे' पद्धतीने गोल्ड व फ्रीडमन यांनी १९६५ मध्ये शोधलेले सीईए हे प्रथिन रक्तात मोजता येऊ लागले. १९७५ मध्ये मोनोक्लोनल प्रतिपिंडे आली आणि त्यानंतरच्या दशकात सीए १५-३ ही स्तनाच्या कर्करोगासाठीची तपासणी.

इथपर्यंत सगळी उपकरणशास्त्राची विजयगाथा आहे. अडचण पुढे आली.

एक काल्पनिक उदाहरण घ्या. शस्त्रक्रियेनंतर २४ व्या महिन्यात स्कॅनमध्ये आजार परत दिसला आणि ४८ व्या महिन्यात मृत्यू झाला. रक्ततपासणीने तोच आजार १८ व्या महिन्यात पकडला, पण मृत्यू ४८ व्याच महिन्यात झाला, तर 'निदानानंतरचे आयुष्य' २४ ऐवजी ३० महिने भरते. ती बाई एक दिवसही जास्त जगलेली नसते. फक्त सहा महिने अधिक काळजीत काढते. संख्याशास्त्रात याला 'लीड टाइम'चा दोष म्हणतात. सिग्नल लवकर मिळणे वेगळे आणि त्यावर करण्यासारखे काही हाती असणे वेगळे. नियंत्रणशास्त्र शिकलेल्यांना हे अवघड जाऊ नये.

१९९४ मध्ये इटलीतील १,३२० स्त्रियांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. एका गटाची ठरावीक काळाने हाडांचा स्कॅन, एक्स-रे, यकृताची सोनोग्राफी, रक्ततपासणी अशी कसून पाहणी झाली. दुसऱ्याची साधी, म्हणजे डॉक्टरांची तपासणी व मॅमोग्राफी. मृत्यू पहिल्या गटात २० टक्के, दुसऱ्यात १८. अर्थपूर्ण फरक नाही. यात सीए १५-३ ची परीक्षा झाली नव्हती, हेही नोंदवायला हवे. तरी १९९६ मध्ये अमेरिकन कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने, लक्षणे नसलेल्या स्त्रियांत पाठपुराव्यासाठी मार्कर तपासण्यास पुरेसा पुरावा नाही, असेच सांगितले. आपल्याकडे अशा तपासण्यांचा खर्च बहुधा घरच्यांच्या खिशातून होतो, म्हणून हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही.

आता प्रथिनाऐवजी गाठीचा डीएनए रक्तात शोधतात. २०१५ मध्ये लंडनच्या गटाने ५५ रुग्णांच्या अभ्यासात, आजार इतर मार्गांनी दिसण्याच्या सरासरी आठेक महिने आधी तो रक्तात सापडतो, असे दाखवले. मग एका ब्रिटिश चाचणीत डीएनए सापडताच उपचार सुरू करायचे ठरले. स्कॅन केले, तर उपचारासाठी निवडलेल्या बहुतेक स्त्रियांत आजार आधीच पसरलेला होता.