पानिपतचे गायतोंडे आणि नाशिकची खुर्ची
डॉ. जयंत नारळीकर यांच्या विज्ञानकथेचा साहित्य संमेलनापर्यंतचा प्रवास

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी विज्ञानकथा लिहिणारा लेखक बसण्याचा योग २०२१ साली प्रथमच आला. नाशिक येथील ९४ व्या संमेलनासाठी डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांच्या नावाची घोषणा २४ जानेवारी २०२१ रोजी झाली. साहित्य महामंडळाचे कार्यालय त्या तीन वर्षांत औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात होते. फुलंब्रीहून जेमतेम तासाभराच्या अंतरावर असलेल्या या शहरातील मराठवाडा साहित्य परिषदेकडे तेव्हा महामंडळाचा कारभार होता. पहिले ग्रंथकार संमेलन पुण्यात न्या. महादेव गोविंद रानडे यांच्या अध्यक्षतेखाली १८७८ मध्ये भरले. त्यानंतर १४३ वर्षांनी विज्ञानकथेला हे आसन मिळाले. तो मान कथेचा होता की शास्त्रज्ञाचा, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि २० मे २०२५ रोजी नारळीकरांचे पुण्यात निधन झाल्यानंतरही तो मिटलेला नाही.

अद्भुत आणि वैज्ञानिक कथांच्या लेखकाला वाचकांपुढे उभे करणारी स्वतंत्र संमेलने अमेरिकेत फार पूर्वी रुजली. जागतिक विज्ञानकथा संमेलन १९३९ मध्ये न्यूयॉर्कला प्रथम भरले. पटावरील युद्धखेळांच्या शौकिनांसाठी गॅरी गायगॅक्स यांनी १९६८ मध्ये लेक जिनिव्हा या छोट्या गावात ‘जेन कॉन’ हा मेळावा सुरू केला. गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये बाजारात आला आणि खेळासाठी कथानक रचणारा लेखक ही नवी जात जन्माला आली. तिकडे अशा लेखकाचे नवे पुस्तक आणि त्याची मेळाव्यातील हजेरी या दोन्ही गोष्टी एकाच वेळापत्रकात बसतात.

मराठीत ही व्यवस्था निराळी आहे. येथे नव्या कथेचा हंगाम म्हणजे दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये ही प्रथा सुरू केली. लेखकाने वाचकांपुढे येण्याची जागा म्हणजे साहित्य संमेलन. कल्पनारम्य लेखनासाठी वेगळा मंडप नाही. त्यामुळे कविता, ग्रामीण कादंबरी, समीक्षा आणि वैचारिक लेखन यांच्या पंगतीतच अशा लेखकाला पान मांडून घ्यावे लागते.

टोपणनावाने आलेली पहिली कथा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे १९७४ हे वर्ष मराठी विज्ञानकथेच्या इतिहासातही महत्त्वाचे ठरले. मराठी विज्ञान परिषदेने त्या वर्षी विज्ञानकथा स्पर्धा घेतली होती. नारळीकर तेव्हा केंब्रिजहून परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले होते. १९६५ मध्येच त्यांना पद्मभूषण मिळाले होते आणि फ्रेड हॉइल यांच्याबरोबर मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतामुळे त्यांचे नाव घरोघरी माहीत झाले होते. अशा माणसाने स्पर्धेत स्वतःच्या नावाने कथा पाठवली, तर परीक्षक कथा वाचतील की नाव, अशी त्यांना शंका होती.

अहमदाबाद येथील एका परिसंवादात रटाळ भाषण चालू असताना त्यांनी समोरच्या कागदांवर कथा लिहायला घेतली. ‘कृष्णविवर’ हे तिचे नाव. जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ हे टोपणनाव तयार केले. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगला नारळीकर यांनी लिहून काढली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि मग खरे नाव बाहेर आले.

हा प्रसंग गमतीचा म्हणून अनेकदा सांगितला जातो, परंतु वरील प्रश्नाच्या दृष्टीने तो साक्षीपुराव्यासारखा आहे. आपली कथा आपल्या कीर्तीवाचून तरते का, याची परीक्षा लेखकाने पहिल्याच पावलावर घेतली होती आणि कथा तरली होती.

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, कऱ्हाडला संमेलन भरले. आणीबाणीविरुद्धच्या निर्भीड भूमिकेमुळे ते अध्यक्ष दुर्गा भागवत यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच दुर्गाबाईंनी आपल्या भाषणात विज्ञानकथा या नव्या प्रवाहाची दखल घेऊन नारळीकरांच्या लेखनाचा उल्लेख केला, ही गोष्ट मात्र मागे पडली. लोककथा आणि दैवतकथांचा अभ्यास ज्यांनी जन्मभर केला, त्या विदुषीला कृष्णविवराच्या कथेत नवे काही दिसावे, यात नवल नाही. संमेलनाच्या व्यासपीठावर नारळीकरांची कथा पोहोचली ती अशी, लेखकाच्या ४६ वर्षे आधी.

त्यानंतर ‘किर्लोस्कर’ मासिकातून आणि दिवाळी अंकांतून त्यांच्या कथा येत राहिल्या. ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह १९७९ मध्ये मौज प्रकाशनाने काढला. ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’, ‘अभयारण्य’ या कादंबऱ्या आणि ‘अंतराळातील भस्मासुर’, ‘टाइम मशीनची किमया’ ही पुस्तके पुढील काळातील. पुण्यातील ‘आयुका’ या संस्थेची उभारणी करून १९८८ पासून २००३ पर्यंत तिचे संचालकपद सांभाळत असतानाच यातील बरेचसे लेखन झाले.

सोंड उजवी कशी झाली?

नारळीकरांच्या कथांची नावेच त्यांची रीत सांगतात. यक्ष, वामन, भस्मासुर, गणपती ही सगळी मंडळी मराठी वाचकाच्या देवघरातली आणि आजीच्या गोष्टीतली. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या प्रसिद्ध कथेत डाव्याचे उजवे होते ते चमत्काराने नव्हे, तर भूमितीने. कागदाच्या पट्टीला एक पीळ देऊन टोके जोडली, की मोबियसची पट्टी तयार होते. तिच्यावरून फिरून आलेल्या सपाट आकृतीची डावी-उजवी बाजू पालटते. अवकाशालाच असा पीळ असेल तर त्यातून फिरून आलेल्या मूर्तीची सोंड आणि माणसाचा हात यांचेही तेच होईल, ही कल्पना. ज्या घरात उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे कडक मानले जाते, त्या घरातील वाचकाला हे कोडे समजावून सांगावे लागत नाही. गणित मात्र त्याला कथेबरोबर शिकावे लागते.

येथेच त्यांच्या लेखनावरील आक्षेपही सुरू होतो. पात्रे पुसट आहेत, संवाद वर्गातील प्रश्नोत्तरांसारखे होतात, शेवटी कोणीतरी शास्त्रज्ञ फळ्यापाशी उभा राहून सगळे उलगडून सांगतो, असे समीक्षक म्हणत आले. आक्षेप बराचसा खरा आहे. नारळीकर विज्ञानकथेकडे विज्ञान लोकांपर्यंत नेण्याचे साधन म्हणून पाहत आणि ते लपवतही नसत. भयकथेला यंत्रमानवाचा अंगरखा चढवून विज्ञानकथा म्हणणे त्यांना मान्य नव्हते. पण साधन म्हणून लिहिलेली कथा साधनापुरतीच उरते, हे मात्र खरे नाही. त्याचे उत्तर एका कथेत आहे.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही ती कथा. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे यांना सभांचे अध्यक्षस्थान भूषवण्याची मोठी हौस. ९९९ सभा त्यांच्या खात्यावर जमा आहेत. पानिपताच्या लढाईचा निकाल उलटा लागला असता तर काय झाले असते, या विचारात चालत असताना त्यांना ट्रकची धडक बसते आणि ते वेगळ्याच हिंदुस्थानात जागे होतात. तेथे मराठे पानिपत जिंकले आहेत. ते जिजामाता एक्स्प्रेसने मुंबईला जातात, तर मुंबई अजून इंग्रजांच्या ताब्यातील एक तुकडा आहे आणि तेथे ईस्ट इंडिया कंपनी सुखेनैव नांदते आहे. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात ते बखर उघडतात. विश्वासरावांना लागलेली गोळी तेथे कानाला चाटून गेलेली असते.

संध्याकाळी आझाद मैदानावर व्याख्यान चालू असते. व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसते. गंगाधरपंतांना राहवत नाही. ते जाऊन बसतात. त्या जगातील श्रोत्यांनी मात्र अध्यक्षांची लांबलचक भाषणे कधीच बंद केली आहेत. लोक ओरडतात, टोमॅटो आणि अंडी फेकतात, आणि त्या गर्दीत प्राध्यापक दिसेनासे होतात. परतल्यावर त्यांचा विज्ञान जाणणारा मित्र पुंजयामिकीच्या आधारे त्यांना समजावतो की, एका क्षणी अनेक शक्यता असतात, आपण त्यांपैकी एकच अनुभवतो. खिशात राहिलेले बखरीचे पान हा त्या दुसऱ्या जगाचा पुरावा.

‘जर-तर’च्या इतिहासाचा खेळ मराठी माणूस पानिपताबद्दल रोजच खेळतो. नारळीकरांनी त्या खेळाला नियम दिले. १४ जानेवारी १७६१ ची जखम, सभासंमेलनांचा मराठी षोक आणि विसाव्या शतकातील भौतिकशास्त्र या तीन गोष्टी एका छोट्या कथेत इतक्या सहज क्वचितच एकत्र आल्या असतील. गायतोंडे हे पुसट पात्र नाही. प्रत्येक तालुक्यात असा एक अध्यक्ष सापडतो. या कथेचे इंग्रजी रूप ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाले आणि ती महाराष्ट्राबाहेरच्या मुलांनीही वाचली.

रिकामी खुर्ची

नारळीकरांच्या निवडीमागे एक तांत्रिक कारणही आहे. पूर्वी संमेलनाध्यक्ष मतदानाने निवडला जाई. हजारभर मतदारांपुढे हात जोडत फिरणे अनेक ज्येष्ठ लेखकांना रुचत नसे. महामंडळाने २०१८ मध्ये घटना बदलून अध्यक्ष सन्मानाने निवडण्याची पद्धत आणली. त्यानुसार यवतमाळला २०१९ मध्ये अरुणा ढेरे, उस्मानाबादला २०२० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि नंतर नारळीकर निवडले गेले. मतदानाची पद्धत कायम असती तर नारळीकरांचा अर्ज आला असता, असे मानणे कठीण आहे.

मार्च २०२१ मध्ये ठरलेले संमेलन करोनामुळे पुढे गेले आणि ३ ते ५ डिसेंबर २०२१ या काळात नाशिकजवळ आडगाव येथे भरले. नारळीकर तेव्हा ८३ वर्षांचे होते. प्रकृतीच्या कारणाने ते नाशिकला जाऊ शकले नाहीत. त्यांचे भाषण संमेलनापर्यंत पोहोचले, लेखक पोहोचले नाहीत. अध्यक्षांच्या गैरहजेरीबद्दल जाहीर नाराजीही व्यक्त झाली. आझाद मैदानावरील रिकामी खुर्ची ज्याने रंगवली, त्याच्याच संमेलनात खुर्ची रिकामी राहावी, हा योगायोग गंगाधरपंतांना आवडला असता. कथेतील श्रोत्यांना अध्यक्ष नको होता, नाशिकच्या श्रोत्यांना हवा होता, एवढाच फरक.

आता मूळ प्रश्नाकडे. मान शास्त्रज्ञाचा होता, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने सर्वांत मोठा पुरावा नारायण धारप यांचा आहे. १९२५ ते २००८ हे त्यांचे आयुष्य. ‘समर्थ’ ही व्यक्तिरेखा, ‘लुचाई’सारखी कादंबरी, भय, अद्भुत आणि विज्ञान यांच्या सीमेवरचे अखंड लेखन आणि वाचनालयांत हातोहात फिरून खिळखिळ्या झालेल्या प्रती, ही त्यांची मिळकत. संमेलनाध्यक्षपदासाठी त्यांचे नाव कधी गांभीर्याने घेतले गेले नाही. ‘तुंबाड’ हा चित्रपट २०१८ मध्ये आला, तेव्हा त्यामागील प्रेरणा म्हणून नव्या पिढीने त्यांचे नाव ऐकले. धारपांपाशी पद्मपुरस्कार नव्हते, केंब्रिज नव्हते. वाचक मात्र भरपूर होते. कल्पनारम्य कथेलाच मान द्यायचा होता, तर तो बराच आधी देता आला असता.

दुसऱ्या बाजूचा पुरावा नाशिकनंतरचा आहे आणि तो मराठवाड्यातला आहे. एप्रिल २०२२ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे ९५ वे संमेलन भरले. अध्यक्ष होते भारत सासणे. फुलंब्रीच्या सीमेला लागून असलेल्या जालना जिल्ह्याशी जन्माचे नाते असलेल्या सासणे यांच्या कथेत वास्तवाच्या आत गूढाची आणि अद्भुताची वाट असते. त्यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ या मुलांसाठीच्या कादंबरीला २०२४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. लागोपाठ दोन अध्यक्ष अद्भुताशी सलगी असलेले निघाले, हे संमेलनाच्या इतिहासात पूर्वी घडलेले नव्हते. सासणे यांच्यापाशी दाखवायला दुर्बीण नव्हती, केवळ कथा होती.

नारळीकरांना साहित्य अकादमी पुरस्कार २०१४ मध्ये मिळाला, तो ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला. वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरे. ‘यक्षांची देणगी’ला, ‘वामन’ला किंवा गंगाधरपंतांना तो मिळाला नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत नारायण विनायक जगतापांना मिळालेले पहिले पारितोषिक मात्र निखळ कथेचे होते.