जिन्यातला दिवा

अमरावतीच्या परकोटाआत काय किंवा अकोल्याच्या जुन्या शहरात काय, ड्योढीचा दिवा घरधन्याचा असे. कंदिलाची काच राखेने पुसून, वात कापून तो कोनाड्यात ठेवणे हे घरातल्याच कुणाचे तरी काम. मग फ्लॅट आले आणि जिना सर्वांचा झाला. १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आणि १९७० चा अपार्टमेंट कायदा यांनी सामाईक जागा कोणती ते सांगितले. बटण कुणी बंद करायचे, हे काही सांगितले नाही! ‘आम्ही तळमजल्यावर राहतो, जिन्याचे बिल का भरावे?’ हा सवाल आपण सर्वांनीच ऐकला आहे.

अकोल्याजवळ पारसला १९६१ सालीच वीज तयार होऊ लागली होती. तरीही २००५ नंतरच्या भारनियमनात आपले जिने अंधारातच राहिले. पुढे २००८ आणि २०१० मध्ये पारसला २५० मेगावॅटचे दोन नवे संच आले, हळूहळू भारनियमन ओसरले आणि मगच जिन्यात सेन्सर आला. त्याला आणखी एक कारण होते. वारंवार चालू-बंद केल्याने सीएफएल लवकर जातो. एलईडीचे तसे नाही. २०१५ च्या उजाला योजनेनंतर एलईडी स्वस्त झाला आणि बटणाचे भांडण मिटले.

पण हा सेन्सर माणूस पाहत नाही, भोवतालच्या मानाने अंगाची ऊब किती वेगळी आहे ते पाहतो. थंड मुलखात हे ठीक. आमच्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, भिंती रात्रभर तापलेल्या असतात. भिंत आणि माणूस सारखेच गरम, मग सेन्सरला फरक कळावा कसा? २०१८ आणि २०१९ साली रमजान याच मे महिन्यात आला होता. सेहरीनंतर फजरच्या नमाजासाठी जिना उतरणारे म्हातारे माणूस हळू चालते, पायरीवर दम घ्यायला थांबते. हालचाल थांबली की थोड्या वेळात दिवाही विझतो. कठडा चाचपत उतरायचे ते त्यानेच.

सेन्सर काढून टाका, असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येक वळणावर अर्ध्या वॅटचा एक दिवा मात्र रात्रभर जळू द्यावा. वर्षाला एका दिव्यामागे दोन युनिटच्या आसपास वीज लागेल. ते बिल तळमजल्यावाल्यानेही भरावे.