घोडागाडी, घराणे आणि ऱ्हासाची कथा

बूथ टार्किंग्टन यांची ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’ (१९१८) ही कादंबरी मोटारयुगाने गिळलेल्या एका अमेरिकन अभिजन घराण्याची शोकांतिका म्हणून वाचली जाते. घोडागाडी म्हणजे जुनी कुलीन संस्कृती आणि मोटार म्हणजे उपरे यंत्रयुग, असे द्वंद्व या वाचनात गृहीत असते. टार्किंग्टन यांच्याच इंडियाना राज्यातील स्टुडबेकर घराण्याचा इतिहास मात्र या गृहीताला छेद देतो.

हेन्री आणि क्लेमंट या स्टुडबेकर बंधूंनी १८५२ मध्ये साउथ बेंड येथे लोहारकामाचे दुकान घातले. भांडवल अवघे ६८ डॉलर. कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींवर ढकलगाड्या बनवून पैसा जोडलेला त्यांचा भाऊ जॉन १८५८ मध्ये परतला. पुढे यादवी युद्धात सैन्याला गाड्या पुरवून धंदा वाढला. याच कारखान्याने १९०२ मध्ये विजेवर आणि १९०४ मध्ये पेट्रोलवर चालणारी मोटार बाजारात आणली. मोटारीचा पुरस्कार करणाऱ्यांत फ्रेडरिक फिश प्रमुख होते, आणि ते जॉन यांचे जावई होते. घोड्याच्या गाड्यांचे उत्पादन १९२० मध्ये थांबले. मोटारींचे १९६६ पर्यंत चालले.

कादंबरीत नेमके उलट घडते. मोटारकर्ता यूजीन मॉर्गन हा इझाबेलचा तरुणपणी नाकारला गेलेला प्रियकर. पुढे तिचा पुत्र जॉर्ज त्यांचा विवाह होऊ देत नाही. इतिहासात जावयाच्या नात्याने जे घरात आले, ते कादंबरीत उंबरठ्याबाहेर रोखले जाते. अँबरसन घराण्याचा ऱ्हास घडवण्यात हा नकार यंत्राइतकाच निर्णायक ठरतो.

याहून लक्षणीय आहे ते संहितेतील मौन. अँबरसन घोडागाड्या वापरतात, बांधत नाहीत. यूजीनचा कारखाना कादंबरीत दाखवला जातो. घोडागाडी घडवणारी भट्टी आणि ऐरण कुठेच दिसत नाही. श्रमापासून तोडल्यामुळेच घोडागाडी निव्वळ प्रतिष्ठेचे चिन्ह बनू शकते आणि तिचा अस्त संस्कृतीचा अस्त भासू शकतो.

मोटारीपुढे असंख्य लहान गाडी-कारखाने बुडाले, हे खरेच आहे; त्या अर्थी कादंबरीतील हळहळ निराधार नाही. परंतु ती हळहळ कारागिरांची नसून गाडीत बसणाऱ्यांची आहे. ऱ्हासाच्या कथेला सामाजिक इतिहासाचा पुरावा मानताना हा भेद विसरला, तर एका वर्गाचे दुःख साऱ्या काळाचे दुःख ठरते.