डॉन कोणाचा?

एखादी गोष्ट आपल्याला तोंडपाठ असावी आणि कुणीतरी तिचा शेवटच बदलावा, तसे २००६ च्या दिवाळीत फरहान अख्तर यांच्या ‘डॉन’ने केले. सोलापुरात आमच्या घरी त्यावरून दोन तट पडले. पुतण्या शिट्ट्या वाजवून परतला. थोरले बंधू मात्र गप्प होते.

मूळ ‘डॉन’ १९७८ चा. दिग्दर्शक चंद्रा बारोट, लेखन सलीम-जावेद यांचे. निर्माते नरिमन इराणी कर्जात बुडालेले होते आणि चित्रपट झळकण्याआधीच अपघातात गेले. सुरुवातीला थंड असलेला हा चित्रपट तोंडोतोंडी चालला.

आपल्या गावात मराठी, तेलुगू, कन्नड शेजारी नांदतात. तेलुगूत १९७९ साली एन. टी. रामाराव यांचा ‘युगंधर’ आला, तमिळमध्ये १९८० साली रजनीकांतचा ‘बिल्ला’. गोष्ट नव्याने सांगणे म्हणजे काही पाप नव्हे. पण तिथेही शेवटी भोळा तोतयाच सुटला.

जुन्या चित्रपटात विजय हा डॉन नव्हे, हे फक्त पोलीस अधिकाऱ्याला ठाऊक असते. तो मरतो आणि विजयला आपण विजय आहोत हेच सिद्ध करता येत नाही. बंधू गिरणीत होते. गिरणी बंद पडली, तेव्हा आपण तिथे राबलो याचे कागद जमवायला त्यांनी वर्षभर खेटे घातले. विजय त्यांना जवळचा का वाटे, ते मला तेव्हा कळले.

फरहान हे जावेद अख्तर यांचेच चिरंजीव. त्यांच्या चित्रपटात शेवटी कळते, की विजय कधीच मेला. शाहरुखचा डॉनच त्याचे सोंग घेऊन वावरत होता. काही समीक्षकांनी या कलाटणीचे, झकपक मांडणीचे कौतुक केले. काहींना अमिताभची सर आली नाही असे वाटले. माझ्या मते खरा वाद नटाचा नव्हताच. निरपराध माणूस सुटतो, हा दिलासा काढून घेतला गेला होता. तरीही तिकिटे खपली, २०११ मध्ये पुढचा भाग आला. २०२३ मध्ये तिसऱ्यासाठी रणवीर सिंहचे नाव जाहीर होताच पुन्हा तीच भांडणे.

पुतण्या म्हणाला होता, “अप्पा, नवा डॉन जास्त हुशार आहे.”

बंधू म्हणाले, “हुशार आहे की बे. पण आमचा विजय घरी परत आला होता.”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)